जन्मतः थायरॉइडचा एकच खंड: हेमिएजेनेसिसविषयी माहिती आणि अनुभव

गोदाकाठ

नमस्कार मंडळी.

थायरॉइडविषयी मराठीत भरपूर लिहिले जाते, पण त्यातले बहुतेक लेखन ग्रंथी कमी काम करते किंवा जास्त काम करते याविषयीचे असते. ग्रंथीचा एक आख्खा खंड जन्मापासूनच नसतो अशीही एक स्थिती आहे आणि तिला थायरॉइड हेमिएजेनेसिस म्हणतात, हे मला चौतिसाव्या वर्षी माझ्याच रिपोर्टवरून कळले. त्यानंतर शोधाशोध केली तेव्हा मराठीत जवळजवळ काहीच हाती लागले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या डॉक्टरांनी जे समजावले आणि मी नंतर वाचून त्यांच्याकडून जे तपासून घेतले, तेवढेच इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी.

थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथी मानेच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना एकेक खंड आणि त्यांना जोडणारा मधला अरुंद सेतू अशी असते. प्रौढ माणसात तिचे वजन साधारण 15 ते 25 ग्रॅम भरते. हेमिएजेनेसिसमध्ये यातला एक खंड तयारच होत नाही. सुमारे ऐंशी टक्के लोकांत नसलेला खंड डावा असतो आणि जवळपास निम्म्या लोकांत मधला सेतूही नसतो. माझ्या बाबतीत डावा खंड नाही, सेतू मात्र आहे.

माझे निदान योगायोगानेच झाले. सततचा थकवा होता म्हणून फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासले, तर टीएसएच 5.8 आला, प्रयोगशाळेची वरची मर्यादा 4.9 होती. (टीएसएच म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे हार्मोन; थायरॉइड कमी पडू लागली की ते वाढते.) मानेची उजवी बाजू हाताला थोडी भरीव लागते असे म्हणून त्यांनी सोनोग्राफी सांगितली. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी मानेच्या डाव्या बाजूवर बराच वेळ यंत्र फिरवले आणि मग विचारले, "मानेचे ऑपरेशन कधी झाले होते?" झालेले नाही म्हटल्यावर त्यांनी दिवा जवळ ओढून मानेच्या वळ्यांमध्ये व्रण आहे का ते स्वतः पाहिले. लहानपणी झालेली शस्त्रक्रिया मला आठवत नसेल म्हणून आईला फोन करून विचारायलाही सांगितले. त्यानंतर त्यांनी मला पाण्याचा घोट तोंडात धरायला लावला आणि त्यांनी खूण केल्यावर तो गिळायला सांगितला. हे कशासाठी, ते मला तेव्हा समजले नव्हते. रिपोर्टमध्ये डावा खंड दिसत नाही, उजवा खंड आकाराने किंचित मोठा आहे, त्यात गाठ नाही, असे लिहून आले.

पुढे टेक्नेशियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा स्कॅन (न्यूक्लिअर स्कॅन) झाला. त्यात उजवा खंड आणि सेतू मिळून हॉकीच्या काठीसारखा आकार उमटला; या स्थितीच्या वर्णनात याच आकाराचा उल्लेख नेहमी येतो असे कळले. ग्रंथीचा भाग जिभेखाली किंवा मानेत दुसरीकडे कुठे नाही, हेही त्याच स्कॅनमधून स्पष्ट झाले. शरीराची प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटली आहे का हे पाहणारी अँटीबॉडीची तपासणी निगेटिव्ह आली. थायरॉइड हार्मोनची गोळी लगेच चालू न करता तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा पाहू, असे ठरले आहे.

नातेवाइकांत ही गोष्ट सांगितली तेव्हा "अर्धी थायरॉइड म्हणजे आता जन्मभर गोळ्या" असे ऐकावे लागले. ते खरे नाही. ज्यांना गाठीमुळे ग्रंथीचा एक खंड काढून टाकावा लागतो, त्यांच्यातल्या बहुतेकांना उरलेला खंड पुरतो. साधारण पाचांपैकी एकालाच पुढे हार्मोनची कमतरता जाणवते. आपल्यासारख्यांच्या शरीराने तर जन्मापासूनच एका खंडावर काम भागवलेले असते. तेव्हा खंड नसणे हा मुळात आजार नाही. पण ती गोष्ट कागदावर नोंदलेली नसणे मात्र धोक्याचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे आणि त्यासाठीच हे इतके सविस्तर लिहिले.

इथे आणखी कोणाला ही स्थिती आहे का? भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घ्यावी का, याविषयीही जाणून घ्यायला आवडेल.

क्षकिरण

गोदाकाठ, फार नेमके लिहिले आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणून तुम्हाला पाणी कशासाठी गिळायला लावले तिथपासून सुरुवात करतो.

मानेत अन्ननलिका श्वासनलिकेच्या मागे असते, पण ती किंचित डावीकडे सरकलेली असते. सोनोग्राफीच्या आडव्या छेदात ती गोल, कडेला गडद आणि मध्ये उजळ अशी दिसते. डावा खंड जागेवर नसला की ती मोकळी झालेली जागा चरबी आणि स्नायूंनी भरते, मानेची मोठी रोहिणी श्वासनलिकेच्या जवळ सरकल्यासारखी दिसते आणि घाईत पाहणाऱ्याला तीच अन्ननलिका आक्रसलेला खंड किंवा गाठ वाटू शकते. रुग्णाने घोट गिळला की अन्ननलिकेतून पाण्याचे आणि हवेचे उजळ ठिपके सरकताना पडद्यावर दिसतात आणि शंका तिथल्या तिथे मिटते. तुमच्या डॉक्टरांनी व्रण शोधला, आईला विचारायला लावले आणि पाणीही पाजले, म्हणजे त्यांनी तपासणी मन लावून केली आहे. रिपोर्टमध्ये 'खंड दिसत नाही' एवढे एक वाक्य लिहिणे सोपे असते. तो मुळातच नव्हता, काढला गेला होता की आजाराने आक्रसला, हे ठरवण्यातच खरे काम असते.

या तीन शक्यता वेगळ्या करणे का महत्त्वाचे आहे तेही सांगतो. हाशिमोटो नावाच्या आजारात, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती ग्रंथीवरच उलटते, खंड वर्षानुवर्षे लहान होत जातो. तिथे नीट पाहिले तर खडबडीत, गडद ऊतीचा पातळ पट्टा बहुधा शिल्लक सापडतो. हेमिएजेनेसिसमध्ये त्या जागी ऊतीचा मागमूस नसतो.

दुसरा घोटाळा न्यूक्लिअर स्कॅनमध्ये होतो. एखाद्या खंडात स्वतःच्या मर्जीने हार्मोन बनवणारी गाठ असेल तर रक्तातील हार्मोन वाढते, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच सोडणे जवळजवळ थांबवते आणि निरोगी असलेला दुसरा खंड काम बंद करतो. स्कॅनमध्ये तो खंड मग अजिबात दिसत नाही, प्रत्यक्षात तो जागेवर असतो. म्हणून केवळ स्कॅनवरून एक खंड नाही असे कधीही ठरवू नये. सोबत सोनोग्राफी हवीच. सोनोग्राफी सर्वत्र पोहोचण्यापूर्वी या दोहोंत फरक करण्यासाठी टीएसएचचे इंजेक्शन देऊन स्कॅन पुन्हा करावा लागे. आता त्याची गरज सहसा पडत नाही.

तुमचा स्कॅन ज्या टेक्नेशियमने झाला त्याचे अर्धे आयुष्य सहा तासांचे असते, त्यामुळे एक-दोन दिवसांत त्याचा किरणोत्सर्ग नगण्य होतो. आपल्याकडे या शाखेची परंपरा जुनी आहे. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर भाभा अणुसंशोधन केंद्राने 1963 मध्ये सुरू केले आणि थायरॉइडच्या आजारांवरील काम हा त्याच्या कामाचा पहिल्यापासूनचा मोठा भाग राहिला आहे.

आता ही स्थिती किती दुर्मीळ आहे, याविषयी. रुग्णालयात येणाऱ्यांवरून हे मोजता येत नाही, कारण ज्यांना काही त्रास होत नाही ते तपासणीला येतच नाहीत. सिसिलीत 11 ते 14 वर्षे वयाच्या 24,032 शाळकरी मुलांची सरसकट सोनोग्राफी केली गेली, तेव्हा त्यात 12 मुलांना एक खंड नसल्याचे आढळले, म्हणजे दर दोन हजारांत एक. बेल्जियममधील 2,845 मुलांच्या पाहणीत हे प्रमाण 0.2 टक्के निघाले. हेच प्रमाण एखाद्या मोठ्या शहराला लावून पाहा. मानेत एकच खंड घेऊन हजारो माणसे वावरत असतील आणि त्यातल्या बहुतेकांना ते आयुष्यभर कळणारही नाही. सिसिलीतील त्या मुलांचा टीएसएच सामान्य मर्यादेत होता, पण इतर मुलांच्या तुलनेत थोडा वरच्या बाजूला होता. उरलेल्या खंडाला थोडी जास्त ताकीद देऊन काम करवून घेतले जाते, असे त्यावरून दिसते. तुमचा उजवा खंड मोठा असण्याचे कारणही तेच.

निरामय

ताई, आपण घाबरू नये. कांचनार गुग्गुळ नियमित घेतल्याने ग्रंथी पूर्ववत झाल्याची उदाहरणे मी ऐकली आहेत. कोबी, फ्लॉवर आणि मुळा पूर्ण बंद करावा. साध्या मिठाऐवजी सैंधव वापरल्यासही फायदा होतो असे सांगतात.

आंबेमोहर

निरामय, आपण आपुलकीने लिहिले आहे याबद्दल शंका नाही, पण या तीनही सल्ल्यांविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. मी अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांचा डॉक्टर आहे.

गर्भात जो खंड घडलाच नाही तो कोणत्याही पद्धतीच्या औषधाने नंतर उगवू शकत नाही. त्यामुळे ग्रंथी पूर्ववत होण्याचा प्रश्न इथे लागू होत नाही. कोबीवर्गीय भाज्यांतील घटक आयोडीनच्या वापरात अडथळा आणतात हे खरे आहे, पण ते आहारात आयोडीन अपुरे असेल आणि त्या भाज्या कच्च्या व फार मोठ्या प्रमाणात खाल्ल्या जात असतील तर. घरी शिजवून केलेल्या भाजीने काही बिघडत नाही आणि ती बंद करण्याचे कारण नाही.

सैंधवाचा सल्ला मात्र मला खरोखर काळजीचा वाटतो. आपल्या देशात 1962 साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि मिठात आयोडीन मिसळणे हा त्याचा पाया आहे. ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या मिठात दर दहा लाख भागांत किमान 15 भाग आयोडीन असावे, असा दंडक आहे. सैंधव हे खाणीतले मीठ असल्याने त्यात मुद्दाम घातल्याशिवाय पुरेसे आयोडीन नसते. उपवासाला ते वापरले तर काही अडचण नाही, पण रोजच्या स्वयंपाकात फक्त तेच वापरू लागलो तर एकाच खंडावर चालणाऱ्या ग्रंथीचा कच्चा माल आपण स्वतःच कमी करतो. उलट टोकाला जाऊन आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्री शैवालाच्या कॅप्सूल घेणेही तितकेच चुकीचे आहे, कारण आयोडीनचा अतिरेक झाला तरी ग्रंथीचे काम बिघडते. साधे आयोडीनयुक्त मीठ, डबा झाकून ठेवलेले, एवढे पुरे.

सह्यकडा

माझ्या धाकट्या भावाला हीच स्थिती असल्याचे गेल्या वर्षी कळले, त्याचाही डावाच खंड नाही. त्यामुळे गोदाकाठ यांनी शेवटी विचारलेला प्रश्न माझाही आहे. डावाच खंड का, आणि हे घराण्यातून येते का? आमच्या आईला तिच्याकडून काही दोष गेला असावा असे सारखे वाटत राहते, ती गरोदरपणात काय खाल्ले आणि काय खाल्ले नाही ते आठवत बसते. तिला सांगता येईल असे काही ठोस असेल तर कृपया लिहावे.

आंबेमोहर

सह्यकडा, आपल्या आईला हे आवर्जून वाचून दाखवा.

थायरॉइडची सुरुवात मानेत होत नाही, जिभेच्या मुळाशी होते. गर्भ साधारण 24 दिवसांचा असताना तिथे पेशींचा एक लहानसा उंचवटा तयार होतो, तो मानेतून खाली सरकत जातो, वाटेत त्याचे दोन खंड होतात आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास तो आपल्या कायमच्या जागी पोहोचतो. म्हणजे ही सगळी घडामोड अशा काळात होते की तोवर अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. या प्रवासात जे दोन खंड वेगळे व्हायचे त्यातला एक घडला नाही, तर हेमिएजेनेसिस होते. आईच्या खाण्यापिण्याशी, कामाशी किंवा एखाद्या औषधाशी याचा संबंध जोडणारा कोणताही पुरावा नाही.

पॅक्स-8, एनकेएक्स-2-1, फॉक्स-ई-1 अशी काही जनुके ग्रंथीच्या घडणीत भाग घेतात आणि उंदरांमध्ये त्यातली काही जनुके बिघडवल्यावर एकखंडी ग्रंथी तयार होते, हे दाखवले गेले आहे. माणसांत मात्र तपासलेल्या बहुसंख्य व्यक्तींमध्ये असा कोणताही दोष सापडत नाही. एकाच घरात दोघांना ही स्थिती असल्याच्या नोंदी आहेत, पण त्या मोजक्या आहेत. ग्रंथीच्या घडणीतील दोषांचा अभ्यास एकसारख्या जुळ्यांमध्ये झाला आहे आणि तिथे बहुतेक जोड्यांत दोष एकाच भावंडात आढळतो. ज्यांची जनुके सारखीच आहेत आणि गर्भाशयही एकच होते त्यांच्यातही एकाला असते आणि दुसऱ्याला नसते, यावरून हा बहुतेक वेळा आनुवंशिक वारसा नाही, घडणीच्या त्या नाजूक काळातील योगायोग आहे, असे मानले जाते. डाव्याच बाजूला जास्त का, याचे उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. निरोगी माणसातही उजवा खंड थोडा मोठा असतो, एवढे मात्र दिसते.

म्हणून भावंडांची आणि मुलांची सरसकट सोनोग्राफी करण्याची गरज नाही. घरात कोणाला थायरॉइडची लक्षणे असतील, मूल वयाच्या मानाने वाढत नसेल किंवा मानेत गाठ जाणवत असेल तर टीएसएच करावा आणि त्या वेळी घरातील ही माहिती डॉक्टरांना द्यावी.

सोनचाफा

मी फोंड्याहून लिहीत आहे. माझ्या मुलाची स्थिती वेगळी पण जवळची आहे, म्हणून नवीन आईवडिलांसाठी लिहिते. त्याची ग्रंथी मानेत उतरलीच नाही, ती जिभेच्या मुळाशीच राहिली आणि तिथे फार लहान आहे. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून हे लक्षात आले. दहा दिवसांच्या आत त्याला गोळी चालू झाली. ती रोज चमचाभर अंगावरच्या दुधात चुरून द्यायची, बाटलीभर दुधात मिसळायची नाही, कारण बाळाने दूध अर्धवट सोडले तर मात्रा अपुरी जाते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावले होते. आज तो चौथीत आहे, मैदानावर खेळतो आणि पाढे न अडखळता म्हणतो.

जन्मजात हार्मोनची कमतरता भारतात साधारण अकराशे-बाराशे बाळांमागे एकाला असते. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर मेंदूची वाढ वाचते आणि उशीर झाला तर ते नुकसान भरून निघत नाही. गोव्यात सरकारने 2008 साली नवजात बाळांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता, त्यामुळे आमच्याकडे निदान या तपासणीचे नाव तरी लोकांच्या कानावर आले. अजूनही पुष्कळ ठिकाणी ही तपासणी आपणहून मागावी लागते. कोणाच्या घरी पाळणा हलणार असेल तर प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, कळवळून सांगते.

एक शंका आहे. गोदाकाठ यांची तपासणी जन्मतः झाली असती तर ती स्थिती तेव्हाच लक्षात आली असती का?

क्षकिरण

सोनचाफा, बहुधा नाही. टाचेच्या रक्तात टीएसएच मोजतात आणि एक खंड पुरेसा हार्मोन बनवत असेल तर तो सामान्यच येतो. त्या तपासणीत तुमच्या मुलासारखी बाळे सापडतात, ज्यांना सापडणे अत्यावश्यक असते. एकखंडी बाळे तिथून बिनबोभाट पुढे जातात आणि त्यात त्यांचे नुकसानही होत नाही.

पळस

मी गळ्याच्या शस्त्रक्रिया करतो. गोदाकाठ यांनी नोंदीविषयी जे लिहिले आहे त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या बाजूने पुष्टी देण्यासाठी लिहीत आहे.

एकखंडी ग्रंथीतही गाठी होतात, ग्रंथी अति काम करू लागते तो ग्रेव्हजचा आजार होतो, हाशिमोटो होतो आणि क्वचित कर्करोगही होतो. समजा एखाद्याच्या उजव्या खंडात गाठ आहे आणि तपासणी फक्त त्या गाठीपुरती झाली, डावीकडे कोणी लक्षच दिले नाही. शल्यविशारद रुग्णाला सांगतो की अर्धीच ग्रंथी काढणार आहे, उरलेली अर्धी पुरेल. शस्त्रक्रिया उत्तम पार पडते आणि तरीही काही आठवड्यांत रुग्ण सुजलेला, थंडीने कुडकुडणारा आणि झोपाळलेला होऊन परत येतो, कारण प्रत्यक्षात त्याची संपूर्ण ग्रंथी काढली गेलेली असते. हे टाळण्यासाठी लागते ती फक्त दोन्ही बाजूंची नीट केलेली सोनोग्राफी आणि रुग्णाच्या फाइलवर ठळक लिहिलेले एक वाक्य. शस्त्रक्रिया करावीच लागली तर जन्मभर गोळी घ्यावी लागेल हे रुग्णाला आधी सांगता येते, गाठ खरोखर काढायलाच हवी का याचा दुसऱ्यांदा विचार करता येतो आणि साधी गाठ असेल तर सुईने पेशी तपासून नुसते लक्ष ठेवण्याचा पर्याय जास्त वजनदार ठरतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. थायरॉइडच्या मागे कॅल्शियमचे नियंत्रण करणाऱ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्या गर्भातील वेगळ्या भागातून तयार होतात, त्यामुळे थायरॉइडचा खंड नसला तरी त्या बाजूच्या पॅराथायरॉइड बहुतेक वेळा आपल्या जागी असतात. म्हणून रिकाम्या बाजूला विनाकारण चाचपडत बसू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. स्वरयंत्राकडे जाणारी मज्जातंतूही तिथेच असते आणि ओळखीची खूण असलेला खंड नसल्यामुळे ती शोधणे अधिक जिकिरीचे होते.

ऋतुगंध

हा धागा वाचून धीर आला. मलाही डावा खंड नाही, टीएसएच आजवर 3 च्या आसपास राहिला आहे आणि कोणतीही गोळी चालू नाही. आम्ही आता बाळाचा विचार करत आहोत. एका खंडावर गरोदरपण निभावेल का, हा विचार मनातून जात नाही. आंबेमोहर यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

आंबेमोहर

ऋतुगंध, निभावेल. मात्र लक्ष ठेवावे लागेल आणि ते लवकर सुरू करावे लागेल.

गरोदरपणात आईची हार्मोनची गरज 30 ते 50 टक्क्यांनी वाढते आणि ही वाढ पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. बाळाची स्वतःची ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास हार्मोन बनवू लागते आणि तिचे काम पुरेसे होईपर्यंत पाचवा महिना उजाडतो. तोवर बाळाच्या मेंदूला जे हार्मोन मिळते ते आईकडूनच. दोन खंड असलेली निरोगी ग्रंथी ही वाढीव मागणी सहज भागवते. एकच खंड असताना राखीव क्षमता कमी असू शकते, त्यामुळे ऐरवी 3 असलेला टीएसएच त्या काळात वर सरकण्याची शक्यता राहते.

म्हणून दिवस जाण्याआधी एकदा टीएसएच आणि अँटीबॉडी तपासून घ्या. पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की नावनोंदणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात टीएसएच करा आणि त्यानंतर गरोदरपणाच्या मध्यापर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी, मग तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा करा. गोळी लागली तर ती लिव्होथायरॉक्सिनची असेल, म्हणजे ग्रंथी जे हार्मोन बनवते तेच. गरोदरपणात ती बाळासाठी सुरक्षित असते. ती सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या हमखास सुरू होतात आणि त्या या गोळीचे शोषण अडवतात, तेव्हा त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवा. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना खंड नसल्याची गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा.

गरोदर नसलेल्यांसाठी नियम सोपा आहे. टीएसएच सामान्य असेल तर वर्षातून एकदा तो तपासायचा. पोलंडमधील पोझनान येथील डॉक्टरांनी अशा 40 व्यक्तींची तुलना दोन खंड असलेल्यांशी केली, तेव्हा एकखंडी गटात टीएसएच जास्त आणि ग्रंथीचे इतर आजारही जास्त आढळले. अर्थात अशा अभ्यासात तपासणीला आलेलेच लोक असतात, त्यामुळे त्यावरून सगळ्यांनाच आजार होणार असे समजू नये. पण वर्षाला एक रक्ततपासणी करण्याइतके कारण त्यातून नक्कीच मिळते.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन महिन्यांनंतरचा टीएसएच आला, 3.1 आहे. गोळीची गरज नाही असे डॉक्टर म्हणाले आणि खरे सांगायचे तर खूप हलके वाटले. थकव्यासाठी केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन आणि बी-12 दोन्ही कमी निघाले होते, त्यावर उपचार चालू आहेत. मधल्या काळात केस फार गळत होते म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी केसांसाठी एक गोळी दिली आहे, ती रोज घेते.

पळस यांनी लिहिले त्याप्रमाणे फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत पुढील मजकूर लिहून घेतला आहे आणि त्याचा फोटो नवऱ्याच्या व बहिणीच्या फोनमध्येही ठेवला आहे: "थायरॉइडचा डावा खंड जन्मतः नाही. सोनोग्राफी व स्कॅन दोन्हींनी निश्चित. ग्रंथी अन्यत्र नाही. उजव्या खंडावर कोणतीही शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी हे वाचावे."

पळस

मजकूर उत्तम आहे. त्यात दोन्ही तपासण्यांच्या तारखा आणि उजव्या खंडाची लांबी, रुंदी व जाडी लिहून ठेवा. पुढे कधी तो खंड वाढल्यासारखा वाटला तर तुलनेसाठी आकडे हाताशी राहतील.

आंबेमोहर

गोदाकाठ, केसांच्या त्या गोळीच्या पाकिटावर बायोटिन लिहिले आहे का ते कृपया पाहा. अशा गोळ्यांत ते बहुधा 5 ते 10 मिलिग्रॅम असते. इतक्या मात्रेत बायोटिन थायरॉइडच्या आजाराला कारण होत नाही, पण कित्येक प्रयोगशाळांतील यंत्रांच्या मोजणीत ते अडथळा आणते. टीएसएच आहे त्यापेक्षा कमी आणि टी-फोर (थायरॉइडचे मुख्य हार्मोन) आहे त्यापेक्षा जास्त दाखवला जातो. तुमचा 3.1 हा आकडा खरा असू शकतो, पण 5.8 वरून इतका खाली आलेला असताना आणि मधेच ही गोळी सुरू झालेली असताना मी त्यावर लगेच विसंबणार नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलून गोळी निदान दोन दिवस थांबवा आणि मग रक्त द्या.

गोदाकाठ

पाकीट पाहिले, बायोटिन 10 मिलिग्रॅम आहे. डॉक्टरांना फोन केला, त्यांनाही या गोळीविषयी मी सांगितले नव्हते. आजपासून ती बंद करून येत्या सोमवारी सकाळी त्याच प्रयोगशाळेत रक्त देणार आहे. जो आकडा येईल तो इथेच लिहीन.